कोर्स पूर्ण केला, तरी उन्हाळी परत का लागते?

एसटीत वाहक असलेल्या 52 वर्षांच्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) पाच महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झाल्यावर माझ्याकडे आल्या. तिन्ही कल्चर रिपोर्टमध्ये (म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ई-कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू होता आणि दिलेले प्रतिजैविक त्यावर चालते, असेही तिथेच छापलेले होते. "मग तो मरत का नाही? माझ्याच स्वच्छतेत खोट आहे का?" दुसरा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली गेला, घरात कोणीतरी तसे बोलून दाखवले असावे.

जंतूंनी औषधाला दाद न देणे निराळे आणि औषध चालू असताना त्यांनी निपचित पडून राहणे निराळे, हे मी त्यांना आधी सांगितले. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे जंतूची भिंत बांधली जात असतानाच घाव घालतात. जो जंतू वाढतच नाही, त्याच्यावर तो घाव बसत नाही. डब्लिनचे जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 साली नोंदवले होते की पेनिसिलिनमधून वाचलेल्या मूठभर जंतूंची पुढची पिढी त्याच पेनिसिलिनने पुन्हा मरते. कल्चरमध्ये औषधाची परीक्षा वाढत्या जंतूंवर होत असल्यामुळे हे झोपलेले जंतू रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. उंदरांवरील प्रयोगांत तर ई-कोलाय मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरून, उपचारानंतरही तिथे दडून राहिलेला आढळला आहे.

"म्हणजे लव्हाळाच की," ताई म्हणाल्या. "वरचं पातं खुरपलं तरी गाठ खाली राहते." इतकी नेमकी उपमा मला आजवर सुचली नव्हती. मात्र प्रत्येक वेळी जुनीच गाठ फुटते असे नाही, पुष्कळदा आतड्यातील जंतू नव्याने वर चढतात, हेही मला सांगावे लागले.

"मग जास्त पॉवरची गोळी द्या," हा आग्रह अपेक्षितच होता. झोपलेला जंतू केवळ औषध भारी आहे म्हणून मरत नाही. आतड्यातील उपयुक्त जंतू मात्र नाहक मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. त्यांच्या पाकिटात मागच्या कोर्समधल्या तीन गोळ्या, कात्रीने कापलेल्या पट्टीत, 'लागल्या तर' म्हणून जपून ठेवलेल्या होत्या. कोर्स 'पूर्ण' झाला नव्हता तर! मी रागावले नाही. दोन दिवसांत जळजळ थांबली की गोळी विसरणारे घरोघरी असतात.

खरी अडचण पुढे कळली. ड्युटीवर लघवीला जावे लागू नये म्हणून त्या दुपारपर्यंत जेमतेम अर्धी बाटली पाणी पीत असत. मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्यावर संसर्ग निम्म्यावर आल्याचे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले होते. शिवाय पाळी थांबल्यानंतर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाचाही उपयोग होतो. त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारण्यासाठी मी चिठ्ठी दिली. ताप, थंडी किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, आणि त्रास काहीच नसताना निव्वळ खात्रीसाठी कल्चर करायचे नाही, हे मी दोनदा सांगितले.

ताईंनी त्या तीन गोळ्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि तिकिटाच्या कोऱ्या रोलवर आपल्या मार्गावरचे थांबे लिहायला घेतले. कुठले स्वच्छतागृह उघडे असते, त्यापुढे बरोबरची खूण. सात थांब्यांत दोनच खुणा झाल्या.