माझाच गैरसमज तर नाही ना?

“मॅडम, खरंच भेदभाव होतोय, की मीच उगाच मनाला लावून घेतोय?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणांनी विचारलाय, की समोरचा माणूस चाचरायला लागला की मला तो आधीच ऐकू येतो. जात, धर्म, रंग, लिंग, अपंगत्व... कारण निरनिराळं, प्रश्न तोच. म्हणूनच खालच्या तरुणाच्या बाबतीत कारण कोणतं होतं ते मुद्दाम लिहीत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

त्याच्या हुद्द्याचे तिघं जण. बैठकीचं टिपण नेहमी यानेच घ्यायचं, सादरीकरण मात्र बाकीच्या दोघांनी.

“पण सर वाईट नाहीत हो. परवा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.”

“मग बरं वाटलं असेल.”

“कुठलं! रात्रभर झोप नाही. कौतुक कामाचं होतं, की ‘यालासुद्धा जमतं’ याचं, तेच कळेना.”

टाकून बोलल्याचा त्रास सगळ्यांना कळतो. पण माणसाचा कौतुकावरचाही भरवसा उडतो, हे नुकसान कुणी मोजत नाही. मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या विद्यार्थ्याने चांगला अभिप्राय दिला, पण तो आपल्याला पाहू शकतो हे ठाऊक असलं, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा स्वतःविषयीचा आदर वाढण्याऐवजी खाली आला.

विचाराला पुरावा मागायचा, ही माझी जुनी शिस्त. पण दुखावलेल्या माणसाला “पुरावा काय?” विचारलं, की त्याला “तुझ्यावर विश्वास नाही” असंच ऐकू येतं. म्हणून आधी त्याचं पूर्ण ऐकून घेते, “हे त्रासदायकच आहे” म्हणते. पुरावा प्रसंगांना विचारायचा, भावनेला नाही. हा क्रम मी अनुभवाने बसवलाय आणि त्यावर माझा भरवसा आहे.

त्याला वही ठेवायला सांगितली. तारीख, काय घडलं, नेमके शब्द, हजर कोण होतं, आणि त्याच वेळी बाकी दोघांच्या वाट्याला काय आलं. पुढच्या खेपेला वही भरून आली. ‘का?’ असा एक रकाना त्याने आपणहून आखला होता आणि मग त्यावर आडवी रेघ मारली होती.

तो वाचत गेला. टिपण मी. टिपण मी. टिपण मी, त्या दिवशी तर अंगात ताप होता. मध्येच थांबला.

“म्हणजे सरांच्या मनात काय आहे, ते मला शोधायचंच नाहीये?”

“नाही.”

“दोन वर्षं तेच तर करतोय मी!”

खांदे सैल झाले त्याचे. दुसऱ्याचा हेतू ओळखण्यात माणसाची निम्मी ताकद जाते आणि उत्तर कधीच मिळत नाही. वागणूक मात्र शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ च्या १११ क्रमांकाच्या करारातली भेदभावाची व्याख्याही संधीच्या समानतेवर काय परिणाम झाला ते पाहते, मनात काय होतं ते विचारत नाही.

घरच्यांनो, मित्रांनो, “त्यांचा तसा हेतू नसेल” हे वाक्य कृपा करून गिळा. “काय झालं, सांग” पुरतं. तक्रार करायची का, कधी, कुणाकडे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नोकरी त्याची, जोखीमही त्याची. साक्षीदार म्हणून उभं राहता आलं तर मात्र जरूर राहा. आणि तुम्ही वरिष्ठ असाल, तर किचकट कामं पाळीने लावा, निवडीचे निकष निवडीआधी लिहून काढा. समान वागणुकीच्या भाषणापेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होतो.

वही घेऊन तो सरांकडे गेला, टिपणाची पाळी लावा म्हणाला. सर म्हणाले, “एवढंच ना? आधी सांगायचंस की!” पाळी लागली. त्या ‘एवढंच’चा त्याला इतका संताप आला, की पुढची अख्खी भेट आम्ही त्या संतापालाच दिली.