उशीवरून दिसेल तेवढं आभाळ

आजारपणामुळे आठवडेच्या आठवडे घरात राहावं लागलेल्यांना निसर्गाची सोबत कशी मिळेल, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं. पथ्य आणि हालचाल यांबाबत मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

प्रश्न : आईच्या शस्त्रक्रियेनंतर तिला बराच काळ उताणं झोपून राहायचं आहे. खोलीला चांगली खिडकी आहे, बाहेर झाडही आहे, पण खिडकी तिच्या डोक्यामागे येते. पलंग हलवायला जागा नाही.

आधी तुम्ही स्वतः पाच मिनिटं त्या पलंगावर, त्याच उशीवर डोकं ठेवून पडा. खोली आपण उभ्याने लावतो आणि रुग्ण ती आडव्याने पाहतो. फुलदाणी, चित्र, कुंडी आपल्या नजरेच्या उंचीवर असतात आणि रुग्णाला मात्र पंखा, छत आणि कपाटाचा माथा दिसत राहतो.

पलंग हलत नसेल, तर उशी हलवा. डोकं पायथ्याकडे केलं की खिडकी समोर येते. तसं करण्यापूर्वी उठण्याची बाजू, आधाराचा कठडा, दिव्याचं बटण आणि हाक मारायची घंटा नव्या दिशेने हाताशी येतात का ते पाहा, आणि आईला उठवायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टना विचारून घ्या.

तेही जमत नसेल तर आरसा. साधारण ३० बाय ४० सेंटिमीटरचा अ‍ॅक्रिलिकचा आरसा घ्यावा, कारण तो हलका असतो आणि पडला तरी काचेसारखे तुकडे होत नाहीत. पातळ अ‍ॅक्रिलिक वाकतं आणि झाड लाटेसारखं हलताना दिसतं, मग पाहणाऱ्याला गरगरतं. म्हणून आरसा प्लायच्या तुकड्यावर सपाट चिकटवा. तो पायथ्याशी, पक्क्या स्टँडवर बसवा. डोक्यावर टांगू नका. आरसा जितका जवळ, तितका आभाळाचा तुकडा मोठा.

कोन साधायची सोपी युक्ती अशी : एकाने खिडकीपाशी उभं राहून आरशात पाहायचं आणि दुसऱ्याने आरसा हळूहळू कलवायचा. खिडकीतल्या माणसाला आरशात आईचे डोळे दिसले, की आईला खिडकी दिसते. तिला स्वतःचाच चेहरा दिसत असेल तर कोन चुकला आहे. आजारपणात दिवसभर आपला चेहरा समोर असणं फार जड जातं, तेव्हा हे नक्की तपासा. पहिल्या दिवशी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तिन्ही वेळी ऊन आरशातून थेट डोळ्यांत येत नाही ना ते पाहा. दाढीचा, चेहरा मोठा दाखवणारा आरसा वापरू नका. तो अंतर्गोल असतो, ऊन एका जागी गोळा करतो आणि चादर पेटू शकते.

एवढा खटाटोप करावा का, असं वाटेल. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांचा मुक्काम सरासरी पाऊण दिवसाने कमी भरला आणि तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावरून मोठे दावे करू नयेत. पण आरसा लावण्याइतकं कारण त्यात नक्कीच आहे.

प्रश्न : भेटायला येणाऱ्यांनी सहा-सात कुंड्या आणून दिल्या. दोन आठवड्यांत निम्मी झाडं पिवळी पडली. मला उठवत नाही, आणि मरणारं झाड बघून जास्तच खचायला होतं.

पिवळी पडलेली झाडं आजच कोणाला तरी देऊन टाका. यात तुमची काहीच चूक नाही. घरात येणारा प्रत्येक जण मायेने पाणी घालतो आणि झाड त्यानेच जातं. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून पानं मलूल होतात. ती पाहून पुन्हा पाणी घातलं जातं. मातीत बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही एकाच माणसाने, एवढा नियम पुरे.

नंतर एकच कुंडी ठेवा, पण हलणारी. शोभेची बरीच झाडं महिनाभर आहेत तशीच दिसतात, आणि पडून असलेल्या माणसाला तर रोज काहीतरी बदललेलं दिसायला हवं असतं. आमची पसंती वेल घेवड्याला. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकले होते, तेव्हा त्यांनी हॉप नावाच्या वेलीची कुंडी रात्रंदिवस जवळ ठेवून तिचा शेंडा कसा फिरतो ते टिपलं होतं. उन्हाळी दिवसांत तिची एक फेरी सरासरी २ तास ८ मिनिटांत पुरी होत होती. वेलींवरचं त्यांचं हे काम १८६५ साली प्रसिद्ध झालं. घेवड्याचा शेंडाही तसाच फिरतो, आणि चांगल्या उजेडात, उबदार हवेत काही तासांत एक फेरी घेतो.

बी वेलीच्या जातीचंच घ्या, झुडुपी घेवडा फिरत नाही. तीन बिया आठ तास भिजवून, तळाला भोकं असलेल्या १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत अडीच सेंटिमीटर खोल पेरायला सांगा. हवा उबदार असेल तर आठवडा-दहा दिवसांत कोंब वर येतात. सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची कापून टाका. उपटू नका, ठेवायच्या रोपाची मुळं दुखावतात. कुंडी खिडकीला अगदी चिकटून हवी. उजेड कमी पडला तर रोप फिकट, लांबुडकं होतं आणि आडवं पडतं.

शेंडा वाढून टोकाशी मोकळा झुकू लागला, की खरी गंमत. इथे बहुतेक जण घाईने काठी रोवतात आणि शेंडा तिला धरून बसतो, मग फिरणं दिसत नाही. चार-पाच दिवस काठी देऊच नका. कुंडीमागे पांढरा पुठ्ठा लावा आणि दर अर्ध्या तासाला शेंडा कुठे आहे ते पडल्यापडल्या पाहा. वरून पाहिलं तर घेवडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यानंतर मीटरभराची काठी द्या. तिला पहिला वेढा पडतो त्या दिवशी घरच्यांना हाक मारावीशी वाटते.

घेवड्याचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं, हे आधीच माहीत असू द्या. म्हणजे पानं वाळू लागली की काही बिघडलं असं वाटणार नाही. तीन आठवड्यांच्या अंतराने दुसरी कुंडी पेरून ठेवली, तर पहिली वेल उतरणीला लागते तेव्हा दुसरी भरात असते.

प्रश्न : भावाची केमोथेरपी चालू आहे. डॉक्टरांनी खोलीत कुंड्या आणि फुलं ठेवायला मनाई केली. त्याला बागेची फार आवड. एखादं छोटं झाड चालेल का?

नाही. यात सूट मागू नका. कुंडीतल्या मातीत आणि कुजणाऱ्या पानांत अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू असतात, आणि फुलदाणीच्या पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही, पण पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना त्यातून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्याच्या खिडकीबाहेर पक्ष्यांना दाणे टाकणंही सध्या बंद ठेवा.

बाग काचेपलीकडे लावा, म्हणजे त्याला दिसेल अशा जागी पण त्याच्या खोलीबाहेर, आणि हात दुसऱ्याचे असू द्या. काय कुठे लावायचं, कधी छाटायचं, ते त्याने ठरवावं. बागेची आवड असलेल्याला नुसतं पाहण्यापेक्षा हे ठरवणं जास्त हवं असतं.

खोलीत ऊन येत असेल तर भिंतीवर पडणारा कवडसा पाहायला घ्या. त्याची एक कड ठरवा आणि दर तासाला तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून वेळ लिहा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे कडेची हालचाल नजरेला कळते. आठवड्याने त्याच वेळी पाहिलं तर कवडसा जुन्या खुणेपासून दूर गेलेला असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस हा फरक सर्वांत मोठा असतो, जून आणि डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ थांबतो. रात्री झोप येत नसेल तर चंद्र आहेच. तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे आज खिडकीत कधी आला ते पाहिलं की उद्याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्न : डोक्याला मार लागल्यापासून मला उजेड आणि स्क्रीन सहन होत नाही. पडदे ओढून अंधारातच पडून असते. यात निसर्ग कुठून आणू?

अंधार आहे तर त्याचाच उपयोग करू. खिडकी जाड काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकून घ्या, फटींना चिकटपट्टी लावा, आणि पुठ्ठ्यात साधारण एक सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा दोन-तीन मीटरवर टांगलेल्या चादरीवर बाहेरचं दृश्य रंगांसकट, उलटं उमटतं. जमीन वर आणि आभाळ खाली. छतही पांढरं असेल तर बाहेरची वाट आणि जमीन छतावर येते, पडून पाहणाऱ्याच्या बरोबर समोर. वाऱ्याने हलणारी फांदी, उडत गेलेला पक्षी, सरकता ढग, सगळं दिसतं, आणि हा उजेड पडदा उघडल्यावर येणाऱ्या उजेडापेक्षा कितीतरी मंद असतो.

चित्र दिसलं नाही तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं. फटींतून उजेड येतो आहे, डोळे अंधाराला सरावले नाहीत (दहा मिनिटं थांबा), किंवा बाहेरच्या दृश्यावर ऊन नाही. सूर्य घराच्या मागच्या बाजूला असेल ती वेळ निवडा. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण धूसर होतं. सूर्य थेट भोकासमोर आला तर नुसता झगझगीत ठिपका दिसतो, त्या वेळी भोक झाका.

सुरुवात तीन मिनिटांनी करा आणि अजून बघावंसं वाटत असतानाच थांबा. दमल्यावर थांबलात तर त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी जाणवू शकतो. उलटं हलतं चित्र पाहून गरगरलं तर हा प्रयोग सध्या सोडा आणि पहाटे थोडा वेळ खिडकी उघडून नुसते पक्ष्यांचे आवाज ऐका. त्या वेळी रहदारी कमी असते आणि पक्षी सर्वांत जास्त बोलतात. एकच आवाज धरून त्याच्या मागे जायचं.

प्रश्न : खिडकीबाहेर पाण्याचं भांडं ठेवलं तर पक्षी काचेवर आपटतात. डासही झाले.

पक्ष्याला काच दिसत नाही, तिच्यातलं आभाळाचं प्रतिबिंब दिसतं. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा पट्ट्या चिकटवा, पाच-पाच सेंटिमीटरवर, संपूर्ण काचेवर. ससाण्याचं एकच चित्र चिकटवण्याचा काही उपयोग होत नाही, पक्षी त्याला वळसा घालून उरलेल्या काचेवर आपटतात. भांडं काचेपासून मीटरभराच्या आत ठेवा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला जोरात आपटण्याइतका वेग येत नाही.

भांडं पसरट आणि खडबडीत असावं, पाणी जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर, मध्ये बसायला दगड. डासांसाठी नुसतं पाणी बदलणं पुरत नाही. एडिस डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून रोज पाणी ओता आणि कडा घासा. हे काम रुग्णाने करू नये. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल आणि भांड्यावर कबुतरंच जमत असतील, तर भांडं काढून टाका.

प्रश्न : बंद खिडकीतून ऊन अंगावर घेतलं तर ड जीवनसत्त्व मिळतं का? आणि खोलीतलं झाड रात्री प्राणवायू कमी करतं, हे खरं का?

मिळत नाही. त्यासाठी लागणारे ‘यूव्हीबी’ किरण साधी काच अडवते. तरीही सकाळी खिडकीपासून मीटरभराच्या आत बसावं, कारण खोलीत आत सरकलं की उजेड झपाट्याने कमी होतो, आणि झोपेचं घड्याळ लावायला दिवसाचा उजेडच लागतो.

झाडाचं म्हणाल, तर एका कुंडीतली वनस्पती रात्री घेते तो प्राणवायू नगण्य असतो. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी अधिक घेतो. खोलीची हवा शुद्ध करण्याचं कामही कुंडीकडून होत नाही. त्यासाठी रोज थोडा वेळ खिडकी उघडा.