रास्पबेरी पायने काढलेला ढगांचा टाइमलॅप्स लुकलुकतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय, की सोलापुरात गच्चीवर पाय झीरो २ डब्ल्यू (रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यातलाच एक) आणि कॅमेरा मॉड्यूल ३ लावून ठरावीक अंतराने ढगांचे फोटो टिपले, पण ते जोडून केलेला व्हिडिओ, म्हणजे टाइमलॅप्स, लुकलुकतो आणि मध्येच रंग बदलतो. नवा कॅमेरा घेऊ नका, आहे तो उत्तम आहे. फक्त ऑटो बंद करा.

ऑटोवर तो प्रत्येक फोटोला उजेड आणि रंग नव्याने मोजतो. सूर्यासमोर ढग आला की शटर वाढवतो, ऊन पडलं की कमी करतो. सुटा फोटो छान दिसतो, पण सेकंदाला २५ पळवले की तोच फरक डोळ्यांत खुपतो.

म्हणून स्वच्छ ऊन असताना आरपीआयकॅम-स्टिलने (पायवर फोटो काढायची आज्ञा) ऑटोवर एक फोटो काढा आणि त्याचा मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबतची माहिती, छापून घ्या. त्यात एक्स्पोजरची वेळ, गेन (उजेड किती वाढवला ते) आणि लाल-निळ्याचे दोन आकडे मिळतील. तेच आकडे आज्ञेतल्या शटर, गेन आणि एडब्ल्यूबीगेन्स (रंगांचा समतोल) या पर्यायांत भरा. फोकसही मॅन्युअल करा, लेन्स-पोझिशन ०, म्हणजे थेट अनंतावर. मग ढगाची सावली समोरच्या पत्र्यांवरून सरकताना जशी दिसते तशीच उतरते. मला तर ढगांपेक्षा ती सावलीच जास्त आवडते.

मृगात आपल्याकडे ढग नुसतेच पळतात, खरा पाऊस सप्टेंबरात. त्यांना ५ सेकंदांचं अंतर बरोबर बसतं. आकडा मिलिसेकंदांत द्यायचा, ५०००. १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फोटो, म्हणजे साधारण २१ मिनिटं.

लाइट जाण्याचं मात्र आधीच बघा. फोटोंना नुसते क्रमांक दिले असतील, तर पाय पुन्हा सुरू झाल्यावर मोजणी शून्यापासून होते आणि जुने फोटो पुसले जातात. तारखेवर विसंबू नका, पाय झीरोत स्वतःचं घड्याळ नसतं. वायफाय नसेल तर वेळ चुकते. दर वेळी नवं फोल्डर उघडणारी स्क्रिप्ट लिहा आणि पॉवरबँक जोडा.

मे महिन्यात पायचा डबा सावलीत ठेवा, त्याला खालून-वरून भोकं पाडा. चिप ८० अंशांपुढे गेली की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आणि आपल्या उन्हात बंद डब्यात तिथवर जायला वेळ लागत नाही. फोटो जोडायचं काम एफएफएमपेगने (व्हिडिओ बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) लॅपटॉपवरच करा, झीरोवर फार रेंगाळतं.