फारोच्या सैनिकांच्या अंगावर युरोपी चिलखत का?

प्रश्न : बायबलच्या कथेत मोशे इस्राएली लोकांना इजिप्तमधून सोडवून नेतो आणि पाठलागावर आलेले फारोचे, म्हणजे इजिप्तच्या राजाचे, सैन्य तांबड्या समुद्रात बुडते. व्हेनिसचा चित्रकार तिशियन याच्या या प्रसंगावरच्या मुद्राचित्रात (ठशांवरून छापलेल्या चित्रात) ते सैनिक युरोपी चिलखत घालून बुडताना दिसतात. चित्रकाराला जुना इजिप्त ठाऊक नव्हता, की हे प्रतीक आहे?

उत्तर : निव्वळ अज्ञान हे कारण मला अजिबात पटत नाही. चित्राचा काळ पाहा. ते १५१५च्या सुमारास व्हेनिसमध्ये घडले. त्याच्या थोडेच आधी पोप दुसरा ज्युलियस, सम्राट मॅक्सिमिलियन, फ्रान्स आणि अ‍ॅरागॉन हे सारे एकजुटीने व्हेनिसवर उठले होते. १४ मे १५०९ रोजी आन्यादेल्लोच्या लढाईत व्हेनिसच्या फौजेची दाणादाण उडाली आणि मुख्य भूमीवरचा बहुतेक मुलूख गेला. शहर तेवढे वाचले, कारण भोवतालचे पाणी शत्रूला ओलांडता आले नाही. त्या शहरातल्या माणसाने चिलखतातले घोडेस्वार लाटांखाली जाताना पाहिले, तर त्याला कोण आठवेल? अनेक अभ्यासक या चित्राचा संबंध त्याच युद्धाशी लावतात आणि मलाही तो अर्थ योग्य वाटतो.

पण चिलखतापेक्षा मधल्या पाण्याकडे जास्त वेळ पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. हे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले एनग्रेव्हिंग नाही, वुडकट आहे, म्हणजे लाकडी ठसे कोरून छापलेले चित्र. बारा ठशांचे कागद जोडले की सुमारे सव्वा मीटर उंच आणि दोन मीटरहून रुंद चित्र होते. एका बाजूला माणसा-घोड्यांचा गुंता, दुसऱ्या काठावर काठी उगारलेला मोशे आणि मधे नुसता समुद्र. इस्राएली माणसांपैकी कोणी तलवार चालवत नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की तुम्ही स्वस्थ राहा, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल. तिशियनने ते वचन इतक्या मोठ्या मोकळ्या पाण्यातून दाखवले, हे मला फार थोर वाटते.

काठावर एक कुत्रा शौचाला बसला आहे. तो शत्रूचा धिक्कार आहे, असे काहींचे म्हणणे. असेलही, पण प्रत्येक प्राण्याला सांकेतिक अर्थ चिकटवू नये.

जर्मन चित्रकार ड्यूररच्या १४९८च्या वुडकटमध्येही देवदूत मायकेल आकाशात अजगराशी झुंजतो, पण खाली पसरलेला शांत मुलूख युरोपातलाच आहे. बायबलची लढाई आपल्या काळात, आपल्या भूमीवर आणून दाखवण्याची रीतच होती.

तिशियनच्या चित्राची १५४९ची आवृत्ती दोमेनिको दाल्ले ग्रेके याने काढली. तिच्यावरच्या मजकुरात हट्टी राजाने देवाच्या लाडक्या लोकांचा केलेला छळ आणि फारोचे बुडणे एवढीच कथा आहे, व्हेनिसचे नाव कथेत नाही. तोवर ते युद्ध संपून तीसहून अधिक वर्षे झाली होती.