गीझर दुरुस्त करू की नवीन घेऊ?

भाऊ, घाई नको करू, आधी पाणी नेमकं कुठून गळतंय ते बघ. पाइपच्या जॉइंटमधून थेंब पडत असेल तर काही टेन्शन नाही, पण टाकीच आतून सडून खालच्या कव्हरमधून गंजाचं लाल पाणी येत असेल तर एक रुपया पण टाकू नको त्याच्यात, सरळ नवीन घे. फक्त आधी वॉरंटी कार्ड बघ, टाकीची वॉरंटी वेगळी अन् जास्त वर्षांची असते.

नुसतं पाणी गरम होत नसेल तर बहुतेक एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) नाहीतर थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारा स्विच) गेलं असतं, दोन्ही बदलता येतात. आपल्या नागपुरात बोअरचं पाणी जड, माझ्या घरचं एलिमेंट काढलं तर त्याच्यावर चुन्याचा जाड पांढरा थर, मिस्त्रीने ठोकून ठोकून काढला. तेव्हाच अ‍ॅनोड रॉड पण बदलून घे, मॅग्नेशियमचा असतो, टाकीच्या ऐवजी तो स्वतः झिजतो, लोक नेमकं हेच विसरतात अन् टाकी जाते.

अन् नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणतोस ना, तो गीझर आजच मेन स्विचवरून बंद कर. अर्थिंग तपासल्याशिवाय लेकरांना त्या बाथरूममध्ये जाऊ देऊ नको रे, मला खरंच काळजी वाटून राहिली.