बीटल्स ऐकायला घेतोयस? आधी शफल बंद कर

या ब्रिटिश बँडचे १९६३ पासूनचे सगळे अल्बम ओळीने ऐकत बसू नकोस, कंटाळशील. थेट १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'ला हात घाल. पहिलंच गाणं बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं, आयकरावर वैतागलेलं! शेवटचं गाणं जवळजवळ एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच जुडग्यावर चालतं; खाली तंबोरा घुमतो आणि टेपचे तुकडे गरगरत राहतात.

मग 'ॲबी रोड', १९६९. याच्या रेकॉर्डची दुसरी बाजू तुकड्यातुकड्यांत ऐकणं हा गुन्हा आहे. अर्धीमुर्धी गाणी एकाला एक जोडून सुमारे सोळा मिनिटांची मेडली केलीय. शेवटाकडे रिंगोचा ड्रम सोलो, लगेच तिघांच्या गिटारी आळीपाळीने: पॉल, जॉर्ज, जॉन, याच क्रमाने. जॉन लेननची सगळ्यात खरखरीत, पटकन ओळखू येईल.

'सार्जंट पेपर' लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय, असं माझं मत. भांडायचं तर शेवटचं गाणं वगळून भांड, त्यापुढे माझं काही चालत नाही.

आणि हो, 'रबर सोल'चं जुनं स्टिरिओ मिक्स एकच इअरफोन लावून ऐकू नकोस. गाणारे बहुतेक उजवीकडे, वाद्यं डावीकडे. उजवा कान मोकळा ठेवलास तर नुसता कराओके ऐकशील. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच ऐकू येणारं मिक्स मिळालं तर तेच घे.