व्हायरस टोचून पोटदुखीच्या नसा शोधतात म्हणे, मग उंदीर आजारी पडत नाही का?

सहसा नाही पडत, कारण त्यासाठी वापरतात त्या ॲडेनो-असोसिएटेड व्हायरसची, म्हणजे एएव्हीची, स्वतःची जनुकं काढून तिथे संशोधकाला हवं ते जनुक बसवलेलं असतं. तो पेशीत शिरतो, पण वाढत नाही. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना चेतासंस्था शिकवताना हा प्रश्न मला हमखास येतो. एवढा खटाटोप कशासाठी, तर तांबडा रस्सा जास्त झाल्यावर नेमकं कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांगता येत नाही. आतड्याकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या संवेदी नसा मोजक्या आणि अनेक मणक्यांवर विखुरलेल्या असतात. मणक्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींमध्ये त्यांच्या पेशी त्वचेकडून आणि स्नायूंकडून येणाऱ्या नसांच्या पेशींत मिसळलेल्या, नुसतं बघून ओळखू येत नाहीत. म्हणून एएव्ही थेट मोठ्या आतड्याच्या भिंतीत टोचतात. तो नसेच्या टोकातून शिरतो आणि उलटा प्रवास करत गाठीतल्या पेशीपर्यंत पोचतो. बसवलेलं जनुक जीकॅम्प या, पेशी चेतली की चमकणाऱ्या प्रथिनाचं असेल, तर आतड्यात छोटा फुगा फुगवला की ताण जाणवणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळते. चॅनेलरोडॉप्सिन या, प्रकाश पडला की पेशी चेतवणाऱ्या प्रथिनाचं असेल, तर निळा प्रकाश पाडून तीच पेशी चेतवता येते. फक्त एक सांभाळा: टोचलेलं द्रव बाहेर झिरपलं, तर शेजारच्या मूत्राशयाच्या नसांतही व्हायरस शिरतो आणि निष्कर्ष फसतो. त्यामुळे असा पेपर वाचताना गळती तपासली होती का, हे आधी बघा.